जिल्हा परिषदेचे अधिकार पंचायत समिती आणि ग्रामपंचायतीकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, गावांना जोडणारे रस्ते, पाणीपुरवठा आणि अंगणवाड्या यांचा बराचसा कारभार जिल्हा परिषदेतून चालतो. यांपैकी काही अधिकार तालुक्याच्या पंचायत समितीकडे आणि गावाच्या ग्रामपंचायतीकडे सोपवावेत, ही मागणी जुनी आहे आणि पंचायत समित्यांच्या सभांत व सरपंचांच्या मेळाव्यांत ती सातत्याने मांडली जाते. या मागणीविषयी सदस्य, कार्यकर्ते आणि नागरिक जे प्रश्न वरचेवर विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आमची भूमिका सुरुवातीलाच सांगितलेली बरी: काम, ते करणारा कर्मचारी आणि त्यासाठी लागणारा पैसा ही तिन्ही एकत्र खाली यायला हवीत. नुसते काम खाली ढकलले, तर गावावरचा बोजा वाढतो आणि निर्णय मात्र जिल्ह्याच्या ठिकाणीच होत राहतो.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदच सर्वांत बलवान का झाली?

यामागे एक जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये त्रिस्तरीय पंचायत राज्याची शिफारस केली, तेव्हा तिने मुख्य भर तालुका किंवा विकास गटाच्या पातळीवरील पंचायत समितीवर दिला होता, आणि जिल्हा पातळीवरील संस्थेकडे प्रामुख्याने देखरेख व समन्वय असावा असे सुचवले होते. राजस्थानसारख्या राज्यांनी तो मार्ग धरला. महाराष्ट्राने मात्र राज्यस्थापनेनंतर लगेच, १९६० मध्ये, तत्कालीन महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली स्वतःची समिती नेमली आणि १९६१ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने जिल्हा हाच विकेंद्रीकरणाचा योग्य घटक ठरवला. नियोजन करण्याइतका विस्तार, तज्ज्ञ अधिकारी नेमता येतील इतकी कुवत आणि पुरेसा महसूल तालुक्याला मिळणार नाही, असा त्यामागचा विचार होता.

त्यानुसार महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. जिल्हाधिकाऱ्याला या संस्थेबाहेर ठेवून तिच्यासाठी मुख्य कार्यकारी अधिकारी हे स्वतंत्र पद निर्माण करण्यात आले, आणि आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेचे सदस्यत्व देण्यात आले नाही. त्या काळाच्या मानाने हे धाडसी पाऊल होते, आणि ग्रामीण महाराष्ट्रातील नेतृत्वाची एक मोठी फळी या संस्थांतून घडली, हे आम्ही मनापासून मान्य करतो. आमचा आक्षेप इतकाच आहे की मुंबईहून जिल्ह्यापर्यंत आलेले अधिकार त्यानंतर साठ वर्षे बहुतांशी जिल्ह्यातच थांबले.

आज तिन्ही स्तरांवर कोणाकडे काय आहे?

राज्यात ३६ जिल्हे असून मुंबई शहर आणि मुंबई उपनगर वगळता ३४ जिल्हा परिषदा आहेत. त्यांच्या खाली ३५१ पंचायत समित्या आणि सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. प्राथमिक शिक्षण, प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे, ग्रामीण पाणीपुरवठा, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग, १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव व बंधारे, पशुवैद्यकीय दवाखाने, समाजकल्याण आणि महिला व बालकल्याण हे विषय जिल्हा परिषदेचे आहेत. त्यांसाठी स्थायी समिती आणि विषय समित्या असतात.

ग्रामपंचायत ही वेगळ्या कायद्याखाली, म्हणजे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली चालते. त्या कायद्याच्या कलम ४५ नुसार असलेल्या ग्रामसूचीत ७९ विषय आहेत. शेती, पशुसंवर्धन, शिक्षण, आरोग्य, रस्ते असे जवळजवळ सगळेच त्यात आले आहे. मात्र ही कामे ग्रामपंचायतीने आपल्या निधीच्या मर्यादेत करावयाची असतात आणि तो निधी बहुतेक गावांत दिवाबत्ती, पाणी व सफाई यांतच संपतो. पंचायत समितीचे स्थान याहून नाजूक आहे, त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

७३ व्या घटनादुरुस्तीने हे सगळे अधिकार गावाला मिळाले नाहीत का?

घटनादुरुस्तीने बरेच दिले, पण हे दिले नाही. २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीमुळे दर पाच वर्षांनी निवडणूक, राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग आणि महिला व मागासवर्गीयांसाठीचे आरक्षण या गोष्टींना संविधानाचा आधार मिळाला. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचे आरक्षण ५० टक्क्यांवर नेले. अधिकारांच्या बाबतीत मात्र अनुच्छेद २४३-छ असे म्हणतो की राज्य विधिमंडळ पंचायतींना अधिकार व जबाबदाऱ्या देऊ शकेल. अकराव्या अनुसूचीतील २९ विषय हे अशा अधिकारदानासाठी सुचवलेले विषय आहेत, ते आपोआप पंचायतींचे होत नाहीत. कोणता विषय किती द्यायचा आणि तिन्हींपैकी कोणत्या स्तराला द्यायचा, हे राज्यानेच ठरवायचे असते. म्हणून या प्रश्नावर दिल्लीकडे पाहण्यात फारसा अर्थ नाही. निर्णय राज्य विधिमंडळात आणि ग्रामविकास विभागात व्हायचा आहे.

उलट, काही बाबतींत अधिकार वर गेले आहेत. १९९८ मध्ये कृषी विस्ताराचे बरेचसे काम जिल्हा परिषदेकडून राज्याच्या कृषी विभागाकडे घेण्यात आले. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या २०१७ पासून राज्यस्तरीय ऑनलाइन प्रणालीतून होऊ लागल्या. या दुसऱ्या बदलामुळे वशिलेबाजी कमी झाली, हे नाकारता येणार नाही आणि अनेक शिक्षक त्याबद्दल समाधानी आहेत. तरीही एखाद्या वस्तीशाळेत शिक्षक नसेल, तर पंचायत समितीच्या सभापतीला किंवा सरपंचाला निवेदन देण्यापलीकडे काही करता येत नाही, ही अडचण तशीच राहिली.

अधिकार जिल्ह्याला असल्याने गावाचे प्रत्यक्षात काय अडते?

एक साधे काम घेऊ. दोन खोल्यांच्या शाळेचे पत्रे वळवाच्या वादळात उडाले. मुख्याध्यापक केंद्रप्रमुखाला कळवतात, शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत ठराव करतात आणि प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्याकडे जातो. बांधकाम उपविभागाचा कनिष्ठ अभियंता पाहणी करून अंदाजपत्रक तयार करतो. त्याच्याकडे तालुक्यातील अनेक गावांची कामे असल्यामुळे पाहणीलाच वेळ लागतो. अंदाजपत्रक उपअभियंत्यामार्फत पुढे सरकते आणि रक्कम त्याच्या मर्यादेबाहेर असेल, तर तांत्रिक मान्यतेसाठी जिल्हा परिषदेच्या कार्यकारी अभियंत्याकडे जाते. शिक्षण विभाग निधी कोठून द्यायचा ते पाहतो. जिल्हा वार्षिक योजनेतून द्यायचा असेल, तर कामांच्या यादीत त्या शाळेचे नाव असावे लागते. मग प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश. यांतील एखादी पायरी आचारसंहितेत किंवा मार्चअखेरच्या धावपळीत सापडली, की काम पुढच्या आर्थिक वर्षात जाते. तोवर पहिली ते चौथीची मुले एका खोलीत दाटीवाटीने बसतात, नाहीतर देवळाच्या सभामंडपात शाळा भरते.

या साखळीतील कोणीही आपले काम टाळलेले नसते आणि कोणी लाच मागितलेली असेलच असेही नाही. तरीही पत्रे बसायला दुसरा पावसाळा उजाडतो. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्यासमोर अशा शेकडो शाळांची यादी असते, आणि त्या यादीत कोणत्या गावचे पत्रे आधी बसावेत हे त्याला तेथून समजू शकत नाही. गावातल्या सात सदस्यांना ते दारातून दिसत असते. पत्र्यांच्या दुरुस्तीसारख्या कामाचा निधी आणि मंजुरी ग्रामपंचायतीकडे, व तांत्रिक मान्यता पंचायत समितीतील अभियंत्याकडे असेल, तर वरीलपैकी निम्म्या पायऱ्या उरणार नाहीत.

मग सगळेच अधिकार ग्रामपंचायतीला द्यावेत का?

नाही, आणि तसा आग्रह धरल्याने मागणीचे नुकसानच होते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची ग्रामीण लोकसंख्या सुमारे ६ कोटी १५ लाख होती. त्या हिशेबाने एका ग्रामपंचायतीमागे सरासरी सव्वादोन हजारांच्या आसपास लोक येतात. प्राथमिक आरोग्य केंद्र हे सपाटीच्या प्रदेशात ३० हजार आणि आदिवासी व डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येसाठी असते. दहा-बारा गावांचे आरोग्य केंद्र ते ज्या गावात उभे आहे त्या एकाच ग्रामपंचायतीच्या ताब्यात देणे इतर गावांवर अन्यायाचे होईल. तेथे पंचायत समिती हाच योग्य स्तर आहे.

म्हणून कामाच्या लाभाचा परिसर पाहून स्तर ठरवावा. ज्याचा लाभ एका गावापुरता आहे, ते ग्रामपंचायतीकडे द्यावे: शाळा व अंगणवाडीच्या इमारतींची दुरुस्ती, एका गावाची नळयोजना, गावांतर्गत रस्ते व गटारे, गाव तलावाची देखभाल, वस्तीला जोडणारा रस्ता. अनेक गावांचा संबंध येणारी कामे पंचायत समितीकडे असावीत, जसे प्राथमिक आरोग्य केंद्रे, पशुवैद्यकीय दवाखाने, शाळांची तपासणी आणि तालुक्यांतर्गत शिक्षकांचे समायोजन, गावांना जोडणारे ग्रामीण मार्ग, दोन-चार गावांच्या संयुक्त पाणी योजना. जिल्हा परिषदेकडे भरती व सेवाज्येष्ठता, अनेक तालुक्यांतून जाणारे मार्ग, मोठ्या प्रादेशिक पाणी योजना, साथरोगांचे नियंत्रण, पाण्याच्या नमुन्यांच्या प्रयोगशाळा आणि खालच्या संस्थांना तांत्रिक मदत ही कामे राहिलीच पाहिजेत. दुष्काळी तालुक्यातील गरीब गावाला झुकते माप द्यायचे तर ते जिल्हा पातळीवरूनच देता येते, हेही विसरू नये.

पंचायत समितीला खरोखर काही अधिकार आहेत का? ती रद्दच का करू नये?

हा प्रश्न स्वतः पंचायत समितीचे सदस्यही विचारतात, आणि त्यामागची निराशा समजण्यासारखी आहे. प्रत्येक जिल्हा परिषद गटात, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघात, पंचायत समितीचे दोन गण (मतदारसंघ) असतात आणि प्रत्येक गणातून एक सदस्य निवडून येतो. प्रचार, खर्च आणि मतदारांच्या अपेक्षा यांत तो जिल्हा परिषद सदस्याहून फार मागे नसतो, पण निवडून आल्यावर त्याच्या हाती येणारा निधी अगदी तुटपुंजा असतो. पंचायत समितीला स्वतःचे म्हणावे असे कराचे साधन जवळपास नाही. तिचे सचिव असलेले गटविकास अधिकारी आणि विस्तार अधिकारी हे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली काम करतात. सभापती जिल्हा परिषदेचा पदसिद्ध सदस्य असतो, पण सामान्य पंचायत समिती सदस्याला तेही व्यासपीठ नाही. तालुक्यातील सरपंचांची एक सरपंच समिती कायद्यात आहे. तिची भूमिका सल्ल्यापुरती आहे.

तरीही पंचायत समिती रद्द करणे हा उपाय नव्हे. वर सांगितल्याप्रमाणे अनेक सेवा गावाहून मोठ्या आणि जिल्ह्याहून लहान परिसराच्या असतात, आणि ग्रामस्थाला एका दिवसात जाऊन परत येता येईल असे कार्यालय तालुक्यालाच असते. गडचिरोली, नाशिक किंवा पुणे यांसारख्या लांबरुंद जिल्ह्यांत तर जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे म्हणजे मजुरी बुडवणे. ही संस्था पोकळ झाली, कारण तिला पोकळ ठेवले गेले. आरोग्य केंद्रे, पशुवैद्यकीय दवाखाने आणि बांधकाम उपविभाग पंचायत समितीच्या नियंत्रणात आणले, तर त्याच इमारतीतून त्याच कर्मचाऱ्यांकडून चांगले काम होऊ शकते, असे आमचे ठाम मत आहे.

निधी कोठून येईल? आता तो कसा वाटला जातो?

या विषयात सर्वाधिक गैरसमज आहेत, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांची भाडी आणि मुद्रांक शुल्कातील वाटा. शहरालगतच्या किंवा औद्योगिक वसाहतीच्या गावांत ही रक्कम भरीव असते. डोंगरातल्या किंवा कोरडवाहू पट्ट्यातल्या गावांत ती कर्मचाऱ्यांच्या वेतनालाही अपुरी पडते. शिवाय स्वउत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे.

जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक आकड्यांत मोठे दिसते, परंतु त्यातील फार मोठा भाग शासनाच्या अनुदानाचा असतो आणि तो शिक्षक व कर्मचाऱ्यांच्या वेतनात जातो. सदस्यांना खऱ्या अर्थाने ठरवता येतो तो स्वनिधी, ज्याला बोलीभाषेत सेस फंड म्हणतात. तो थोडा असतो. विकासकामांचा मोठा पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. ती योजना जिल्हा नियोजन समिती मंजूर करते आणि तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. म्हणजे जिल्हा परिषदही पूर्ण मोकळी नाही, आणि जिल्हा परिषदेकडून खाली अधिकार द्या असे म्हणताना राज्याकडून जिल्हा परिषदेला काय येते याचीही विचारपूस करावी लागते.

तिसरा स्रोत केंद्रीय वित्त आयोगाचा. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळातील ग्रामीण निधी थेट ग्रामपंचायतींना दिला. देशभरासाठी ती रक्कम दोन लाख कोटी रुपयांहून थोडी अधिक होती. गावाच्या खात्यात इतका पैसा प्रथमच थेट आला, आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमातून गावांनी आपले आराखडे केले. त्याच वेळी जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांचा वाटा शून्यावर आला. पंधराव्या आयोगाने तिन्ही स्तरांना पुन्हा वाटा दिला, आणि महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला ८०, पंचायत समितीला १० व जिल्हा परिषदेला १० टक्के असे प्रमाण ठरले. २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातील ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिलेला होता.

बंधित निधीचा हेतू चांगला आहे. परंतु ज्या गावात नळयोजना पूर्ण झाली आहे आणि आरोग्य उपकेंद्राचे छत गळते आहे, त्या गावाला आपला प्राधान्यक्रम बदलता येत नाही. पथदिव्यांची वीजबिले याच निधीतून भरावीत असे २०२१ मध्ये सांगण्यात आले, तेव्हा अनेक लहान ग्रामपंचायतींकडे गावाने ठरवलेल्या कामांसाठी फारसे काही उरले नाही. आमची मागणी म्हणून अशी आहे की राज्याने आपल्या योजना खर्चातील ठरावीक टक्केवारी कोणत्याही अटीशिवाय पंचायत समित्या आणि ग्रामपंचायतींना द्यावी, आणि ती वाटताना लोकसंख्येबरोबर मागासलेपण व डोंगराळ भाग यांनाही वजन द्यावे.

जिल्हा ग्रामविकास निधीचाही येथे उल्लेख करायला हवा. ग्रामपंचायती आपल्या उत्पन्नाचा ०.२५ टक्के वाटा त्यात भरतात आणि जिल्हा परिषद त्यातून ग्रामपंचायतींना कमी व्याजाने कर्ज देते. ही तरतूद अतिशय चांगली आहे. बाजारओटे, गाळे किंवा सौर दिवे यांसाठी तिचा वापर जितका व्हायला हवा तितका होत नाही.

कर्मचाऱ्यांचे काय? ते कोणाच्या हाताखाली राहतील?

अधिकार खाली आणण्यात पैशापेक्षाही हा भाग अवघड आहे. शिक्षक, आरोग्यसेवक, पशुधन पर्यवेक्षक, अभियंते आणि ग्रामसेवक हे जिल्हा परिषदेचे कर्मचारी आहेत. ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी या पदांचे एकत्रीकरण करून २०२४ मध्ये ग्रामपंचायत अधिकारी असे पदनाम देण्याचा निर्णय झाला, परंतु नियुक्ती, बदली आणि कारवाई यांचे सूत्र जिल्हा परिषदेकडेच आहे. एका अधिकाऱ्याकडे दोन-तीन गावांचा कार्यभार असणे नित्याचे झाले आहे. ऑनलाइन देयकासाठी सरपंच आणि हा अधिकारी या दोघांच्याही डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. त्यामुळे तो दुसऱ्या गावी किंवा तालुक्याच्या बैठकीला असेल, त्या दिवशी जलवाहिनी दुरुस्त करणाऱ्या प्लंबरचे पैसेही अडतात.

कर्मचारी संघटनांची भीती अशी असते की सेवा ग्रामपंचायतीकडे गेली तर गावातील गटातटांचा त्रास होईल, वेतन वेळेवर मिळणार नाही आणि बढतीच्या संधी आक्रसतील. ही भीती अनाठायी नाही, आणि तिचे निरसन केल्याशिवाय कोणतीही सुधारणा टिकणार नाही. यातून मार्ग असा काढता येतो की भरती, वेतन, ज्येष्ठता आणि निवृत्तिवेतन जिल्हा संवर्गातच ठेवावे, तर दैनंदिन नियंत्रण, रजा, कामाचे वाटप आणि गोपनीय अहवालातील एक भाग ज्या संस्थेसाठी कर्मचारी काम करतो तिच्याकडे द्यावा. शिस्तभंगाची कारवाई सुरू करण्याची शिफारस पंचायत समिती करू शकेल, निर्णय मात्र वरच्या प्राधिकाऱ्याचा असेल.

ग्रामपंचायतींना हे पेलवेल का? गैरव्यवहार वाढणार नाहीत का?

गैरव्यवहार ग्रामपंचायतीत होतात, हे खरे आहे. न झालेल्या कामाची मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, एकाच रस्त्यावर दोन योजनांतून खर्च दाखवला जातो, आणि काही ठिकाणी महिला सरपंचांच्या नावाने दुसरेच कोणी कारभार करतात. असे प्रकार घडत असताना डोळे मिटून अधिक पैसा देण्याची मागणी आम्ही करत नाही. परंतु गैरव्यवहार वरच्या स्तरांवरही होतात, आणि तेथे ते ग्रामस्थाच्या नजरेआड असतात. गावातला सिमेंट रस्ता सहा महिन्यांत उखडला, तर कोणी केला, किती पैसे आले, हे विचारायला माणसे सरपंचाच्या ओट्यावर जातात. जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन तोच प्रश्न विचारण्याची सोय सामान्य माणसाला नाही.

म्हणून अधिकारांबरोबर हिशेबाची व्यवस्थाही खाली यावी लागेल. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे आक्षेप ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवणे सक्तीचे करावे, आणि प्रत्येक कामाच्या जागी रक्कम, ठेकेदार व मुदत लिहिलेला फलक असावा. दोन-तीन लहान ग्रामपंचायतींसाठी मिळून एक लेखापाल आणि पाच-सहा गावांसाठी एक तांत्रिक सहायक नेमला, तर क्षमतेचा प्रश्न पुष्कळसा सुटेल. पोहायला आल्यावरच पाण्यात उतर असे म्हणण्यासारखा क्षमतेचा आक्षेप वर्षानुवर्षे घेतला गेला आहे. तो घेणाऱ्यांनी क्षमता वाढवण्यासाठी काय केले, हेही सांगायला हवे.

अधिकार खरोखर गावात आल्याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे का?

आहे. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतरही बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडूनच घ्यावा लागत होता, म्हणजे हक्क कागदावर आणि किल्ली दुसऱ्याकडे, अशी अवस्था होती. एप्रिल २०११ मध्ये वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले, आणि तेव्हापासून बांबूतोडीचे नियोजन, विक्री आणि मजुरीचे वाटप ग्रामसभा स्वतः करू लागली. एका परवाना-पुस्तकाने केवढा फरक पडतो, हे पाहण्यासारखे आहे. वर शाळेच्या पत्र्यांच्या बाबतीत तांत्रिक मान्यतेचा जो मुद्दा मांडला, तो याच जातीचा आहे.

राज्यातील १३ जिल्ह्यांत पूर्णतः किंवा अंशतः अनुसूचित, म्हणजे संविधानाखाली जाहीर झालेले आदिवासीबहुल, क्षेत्र आहे. तेथे १९९६ चा पेसा कायदा (पंचायत राज व्यवस्था अनुसूचित क्षेत्रांना लागू करणारा केंद्राचा कायदा) आणि २०१४ चे राज्याचे नियम लागू असून, २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट संबंधित ग्रामपंचायतींना देण्याची पद्धत सुरू झाली. हा पैसा जिल्हा परिषदेत न थांबता गावात येतो आणि त्याच्या विनियोगाचा निर्णय ग्रामसभेने घ्यावयाचा असतो. बिगर-अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींसाठीही अशी तरतूद का असू नये, याचे समाधानकारक उत्तर आम्हाला अद्याप मिळालेले नाही.

केरळने हे कसे केले? तेच येथे करता येईल का?

केरळने १९९६ मध्ये लोकनियोजन मोहीम सुरू करताना राज्याच्या योजना निधीतील ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांना देण्याचा निर्णय घेतला. आधी पैसा दिला आणि मग नियोजन करायला शिकवले, हा क्रम महत्त्वाचा ठरला. प्राथमिक आरोग्य केंद्रे, कृषिभवने आणि पशुवैद्यकीय दवाखाने ग्रामपंचायतींच्या नियंत्रणात गेले.

ती रचना जशीच्या तशी येथे आणता येणार नाही, कारण केरळमध्ये ग्रामपंचायती ९४१ आहेत आणि एकेका ग्रामपंचायतीची लोकसंख्या आपल्याकडील मोठ्या बाजारगावाएवढी, बहुधा वीस-तीस हजारांच्या घरात असते. केरळच्या ग्रामपंचायतीला जे दिले गेले, त्यातील बरेच आपल्याकडे पंचायत समितीला द्यावे लागेल. पंचायत राज मंत्रालयाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अधिकार-हस्तांतरण निर्देशांकात कर्नाटक पहिला, केरळ दुसरा, तामिळनाडू तिसरा आणि महाराष्ट्र चौथा आहे. चौथा क्रमांक वाईट नाही, पण १९६२ मध्ये जिल्हा परिषदा उभ्या करणाऱ्या राज्याने त्यावर समाधान मानू नये.

गोव्यातही हीच रचना आहे का?

नाही. वीस लाखांहून कमी लोकसंख्येच्या राज्याला मधला स्तर न ठेवण्याची मुभा संविधानाने दिली आहे, त्यामुळे गोव्यात पंचायत समित्या नाहीत. उत्तर आणि दक्षिण गोवा अशा दोन जिल्हा पंचायती आणि १९१ ग्रामपंचायती आहेत. तेथील तक्रार आपल्याहून उलटी आहे: शाळा, आरोग्य आणि रस्ते यांचा कारभार मुख्यतः राज्य सरकारच्या खात्यांकडे असल्यामुळे जिल्हा पंचायतींकडेच फारसे अधिकार नाहीत.

प्रशासकाच्या काळात या मागणीचे काय होते?

राज्यातील बहुतांश जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि इतर मागासवर्गीय आरक्षण व गटरचना यांवरील न्यायालयीन वादामुळे निवडणुका दीर्घकाळ लांबल्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घेण्यास सांगितले, त्यानंतर ही मुदतही वाढवावी लागली. या काळात मुख्य कार्यकारी अधिकारी आणि गटविकास अधिकारी हेच प्रशासक म्हणून निर्णय घेत होते. जो अधिकारी प्रस्ताव सादर करतो तोच मंजुरी देतो, अशी ही स्थिती होती. शिवाय वित्त आयोगाचा निधी निवडून आलेल्या संस्थांसाठी असल्यामुळे या दोन स्तरांच्या वाट्यावरही परिणाम झाला.

वेळेवर निवडणूक होणे ही विकेंद्रीकरणाची पहिली अट आहे. ती मोडली जात असताना अधिकारांच्या यादीवर वाद घालण्यात हशील नाही. मुदत संपण्यापूर्वी गटरचना आणि आरक्षण सोडत पूर्ण करण्याची जबाबदारी कायद्याने तारखेसह निश्चित करावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.

यासाठी कायदा बदलावा लागेल का?

सगळ्यासाठी नाही. तांत्रिक व प्रशासकीय मान्यतेच्या रकमेच्या मर्यादा, लहान कामांसाठी ग्रामपंचायतीला कार्यान्वयन यंत्रणा म्हणून नेमणे, रजा आणि दैनंदिन नियंत्रण या गोष्टी शासन निर्णयांनी बदलता येतात, आणि तेथूनच सुरुवात व्हावी. परंतु शासन निर्णयाने दिलेले दुसऱ्या शासन निर्णयाने काढून घेता येते. थेट सरपंच निवडीसारखा विषय २०१७, २०२० आणि २०२२ असा तीनदा बदललेला आपण पाहिला, आणि तो तर कायद्यातील विषय होता. म्हणून आरोग्य केंद्रे व दवाखाने यांचे हस्तांतरण आणि निधीची टक्केवारी या बाबी १९६१ च्या अधिनियमात आणि त्याच्या अनुसूचींतच यायला हव्यात. दोन स्वतंत्र कायद्यांऐवजी तिन्ही स्तरांसाठी एकच पंचायत राज कायदा करावा, अशीही एक सूचना आहे. तीत तथ्य आहे, मात्र ती होईपर्यंत बाकीचे थांबवू नये.

माझ्या गावातून मी आता काय करू शकतो?

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा होणे कायद्याने आवश्यक आहे आणि ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. गावाचा विकास आराखडा आणि झालेली देयके ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. ती छापून ग्रामसभेत ठेवा. जे काम गावाला जमण्यासारखे आहे आणि तरीही जिल्ह्याच्या मंजुरीसाठी अडले आहे, त्याची नोंद तारखांसह करा: ठराव कधी झाला, पाहणी कधी झाली, फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस होती. माहिती अधिकारात ही माहिती मिळते. अशा पाच-दहा कामांची नोंद घेऊन आपल्या गणाच्या सदस्यामार्फत ती पंचायत समितीच्या मासिक सभेत ठेवावी आणि त्याच कामांपुरते अधिकार खाली द्यावेत असा ठराव करून घ्यावा. विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर येते, तेव्हा असा नेमका ठराव आणि त्यासोबतचा तारीखवार तक्ता तिच्यासमोर मांडता येतो.